गृहरक्षणाची बंदूक : नळीची लांबी, सिद्धता व राजाज्ञा

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून जिनगीच्या याद्या सांपडतात. त्यांत भांडीं, वस्त्रें, दागिने ह्यांचा तपशील पुष्कळदां बारकाईनें दिलेला असतो. परंतु शस्त्रांचें कलम आलें कीं लेखकाची लेखणी बहुधा आंखडती होते. ‘बंदूक’ हा एक शब्द, पुढें संख्या, आणि फार झालें तर तोड्याची कीं चकमकीची एवढा उल्लेख. ती बंदूक रणांगणाची, तटावरची, शिकारीची कीं घराच्या राखणीची, हें त्यावरून कळत नाहीं. यादी मुग्ध राहिल्यामुळें संग्राहकांनीं आपल्या कल्पनेनें ती जागा भरून काढली आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली प्रत्येक लांब बंदूक वाड्याच्या रक्षणाकरितांच होती असा समज त्यांच्यांत रूढ झालेला दिसतो. तो समज तपासून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या विषयास केवळ कुतूहलाचें मोल आहे असें नाहीं. शहरांतील सदनिकेंत राहणारा गृहस्थ घराच्या रक्षणाकरितां आयुष्यांतील पहिली बंदूक कोणती घ्यावी असा विचार करूं लागला म्हणजे त्याच्यापुढें जे प्रश्न उभे राहतात, तेच प्रश्न अडीचशें-तीनशें वर्षांपूर्वीं वाड्याच्या धन्यापुढेंहि उभे होते. बंदूक किती लांब असावी? ती किती वेळांत सिद्ध व्हावी? ती कोणाच्या हातीं व कोठें ठेवावी? आणि राजसत्ता तिला कितपत मुभा देईल? आमचें मत असें कीं, घराला आंखूड व सदा सिद्ध असलेली बंदूक हवी असते, आणि राजसत्तेला नेमकें तिचेंच भय सर्वांत अधिक वाटतें. ही ओढाताण लक्षांत घेतल्यावांचून जुन्या संग्रहांतील शस्त्राचा अर्थ लागत नाहीं, आणि नव्या शस्त्राची निवडहि नीट होत नाहीं.

१. घर हेंच पहिलें शस्त्र

बंदुकीकडे वळण्यापूर्वीं ती ज्या घरांत राहावयाची त्या घराकडे पाहिलें पाहिजे. मराठी वाड्याची रचना पाहतां, रक्षणाचा भार बंदुकीवर फारसा टाकलेलाच नव्हता असें दिसून येतें. बाहेरच्या बाजूस खालच्या मजल्यावर खिडक्या नाहींत किंवा अगदीं थोड्या. खालीं दगडाचें व वर विटांचें जाड बांधकाम. एकच मोठा दरवाजा व त्याच्या फळींत बसविलेली लहान दिंडी. दिंडींतून आंत येणाऱ्यास वांकावें लागतें, आणि वांकलेला मनुष्य आंतल्या पहारेकऱ्याच्या स्वाधीन असतो. दरवाज्याच्या मागें भिंतींत सरकणारा अडसर, आंत शिरतांच देवडी, देवडीवर पहारा आणि मग चौक. पुण्याच्या शनिवारवाड्यासारख्या मोठ्या वास्तूस तर तट, नऊ बुरूज व खिळ्यांनीं मढविलेला दिल्लीदरवाजा होता. त्या वाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला व १७३२ सालीं वास्तुशांति झाली.

सामान्य गृहस्थाच्या घरास बुरूज नव्हते. पण त्यास गांव होता. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या राखणदाराच्या कामाचें वर्णन आहे. चोरी झाली म्हणजे राखणदारानें चोराचा माग काढीत जावें, माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत शिरला कीं तो त्या गांवच्या राखणदाराच्या गळ्यांत घालावा, आणि माग जेथें थांबे त्या गांवावर भरपाईची जबाबदारी येई. म्हणजे घराची राखण ही एकट्या घरधन्याची गोष्ट नसून वतनाची व पंचक्रोशीची होती. ह्या व्यवस्थेंत बंदूक ही शेवटची पायरी होय. आधीं शीव, मग गांवकूस, मग दरवाजा, मग देवडी, आणि त्यानंतर शस्त्र.

२. लांब बंदूक व तिची अडचण

आतां भिंतीवरील लांब बंदूक पाहूं. तोड्याची बंदूक हिंदुस्थानांत सोळाव्या शतकांत पसरली. गोव्यांतील कारागिरांनीं ही विद्या लवकर आत्मसात् केली. १५१३ सालीं आल्बुकेर्कनें पोर्तुगालच्या राजास तेथील लोहारांच्या बंदुकांची वाखाणणी कळविली, व त्या बोहेमियांतील कामाच्या तोडीच्या आहेत असें म्हटलें. उत्तरेंत अकबराच्या काळीं ही कला फार वाढली. आईन-इ-अकबरींत बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण असून त्यांत मोठी नळी दोन गज व लहान सव्वा गज लांब असल्याचें सांगितलें आहे. लहान प्रकारास ‘दमानक’ असें नांव दिलें आहे. इलाही गज सुमारें ३३ इंचांचा धरला तर मोठी नळी ६६ इंच व लहान सुमारें ४१ इंच भरते. कुंद्यासह मोठी बंदूक माणसाच्या उंचीहून अधिक होते.

अशी बंदूक तटाच्या जंगींतून किंवा झाडाच्या फांदीवर टेकवून मारण्यास उत्तम. लांब नळीमुळें दारूस जळण्यास अवकाश मिळे, नेम दूरवर लागे. १५६८ सालीं चितोडच्या वेढ्यांत अकबरानें ‘संग्राम’ नांवाच्या आपल्या बंदुकीनें जयमल्लास टिपलें, तें तटावरील मनुष्यास दूरून टिपणें होतें. पण हीच बंदूक वाड्याच्या जिन्यांत, माजघराच्या दारांत किंवा ओसरीच्या खांबांमध्यें वळवितां येत नाहीं. शत्रु दोन हातांवर आला असतां पांच हातांचें शस्त्र त्याच्याच हातीं सांपडतें.

दुसरी अडचण सिद्धतेची. तोड्याच्या बंदुकींत शिंगांतून दारू ओतावी, गोळी घालावी, गजानें ठासावी, कानापाशीं रंजक ठेवावी, आणि मग पेटता तोडा कळीच्या चिमट्यांत धरून कळ दाबावी. दारू व गोळी आधीं ठासून ठेवितां येते. पण तोडा पेटता ठेवावाच लागतो. रात्रभर तो जळत ठेवावा तर दोर संपतो, वास सुटतो, अंधारांत ठिणगी दिसते, आणि घरांत दारू असतां विस्तव जागता राहतो. तोडा विझवून ठेवावा तर चोर चौकांत आल्यावर चकमक झाडण्यापासून आरंभ. देवडीवरचा पाहारेकरी पाळीपाळीनें तोडा जागता ठेवूं शके. निजलेला गृहस्थ तसें करूं शकत नाहीं. म्हणून तोड्याची लांब बंदूक ही पाहारा असलेल्या घराची बंदूक होय. एकट्या माणसाच्या घराची ती नव्हे.

३. आंखूड बंदूक घरांत कशी आली

ही अडचण दूर झाली ती चकमकीच्या कळीमुळें. गारगोटीचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी ही कळ युरोपांत सतराव्या शतकांत रुळली, आणि अठराव्या शतकांत युरोपीय कंपन्या व त्यांच्या पद्धतीनें कवाईत शिकलेल्या पलटणी ह्यांच्या द्वारें आपल्याकडे पसरली. १७६१ सालीं पानिपतावर इब्राहीमखान गारद्याच्या पलटणींजवळ ह्याच बंदुका होत्या. पुढें महादजी शिंद्यांच्या पदरीं असलेल्या द बॉइन्याच्या पलटणींकरितां आग्र्यास सँग्स्टर नांवाच्या कारागिराच्या देखरेखीखालीं त्या तयार होत. तोड्याची बंदूक मात्र ह्यामुळें एकदम मागें पडली नाहीं. स्वस्त, दुरुस्तीस सोपी व नेमास चांगली म्हणून ती एकोणिसाव्या शतकांतहि चालू राहिली.

रणांगणावर ह्या कळीनें वेग वाढला, पण घरांत तिनें त्याहून मोठा बदल केला. भरलेली बंदूक विस्तवावांचून उशाशीं ठेवतां येऊं लागली. नळी आंखूड करणेंहि आतां सार्थ झालें. पिस्तूल म्हणजे तमंचा, घोडेस्वाराची कराबीन, आणि रुंद तोंडाचा शेरबच्चा हे प्रकार ह्याच वर्गांत मोडतात. अर्व्हिननें मोगलांच्या लष्करावरील आपल्या १९०३ सालच्या ग्रंथांत शेरबच्चाची गणना आंखूड, जाड नळीच्या बंदुकींत केली आहे. ‘सिंहाचा छावा’ हा त्या शब्दाचा अर्थ, आणि लहान पण भयंकर हा त्यांतील ध्वनि.

शेरबच्चाविषयीं एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. त्याचें तोंड कर्ण्यासारखें उघडें असल्यामुळें छर्रे खोलीभर फांकतात व नेमाची गरज राहत नाहीं असें पुष्कळ संग्राहक सांगतात. प्रत्यक्षांत कर्ण्याचा उपयोग मुख्यतः अंधारांत, घाईंत किंवा हलत्या जागेवर दारू व छर्रे ओतणें सोपें जावें ह्याकरितां, आणि समोरच्याच्या मनांत धाक बसावा ह्याकरितां होय. खोलीच्या लांबीइतक्या अंतरांत छर्रे मुठीएवढ्याच जागेंत जवळजवळ एकत्र जातात. नेम धरावाच लागतो. न धरल्यास सर्वच्या सर्व छर्रे एकाच वेळीं भिंतींत जातात.

ह्या शस्त्रांसहि दोष होते. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, रंजक ओलावून बार फुसका जाई. म्हणून ती वरचेवर बदलावी लागे. गारगोटीची धार झिजे. काळ्या दारूचा एकच बार बंद खोलींत धुराचा असा पडदा उभा करी कीं, पुढें मारणाऱ्यास स्वतःचेंच दार दिसूं नये. एक बार झाल्यावर आंखूड बंदुकीस सोटा म्हणूनच वापरावें लागे, आणि मग तलवार किंवा भाला हाच खरा आधार. ओलाव्याचा दोष १८०७ सालीं फॉर्सिथ नांवाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानें एकस्व घेतलेल्या स्फोटक कळीनें व त्यांतून पुढें निघालेल्या केपांनीं बराच घालविला. एका बाराची मर्यादा कोल्टच्या १८३६ सालच्या फिरत्या कोठ्यांच्या पिस्तुलानें मोडली. ह्या दोन शोधांनीं घरांतील आंखूड शस्त्र पूर्णत्वास गेलें, आणि त्याचबरोबर राजसत्तेचें भयहि वाढलें.

४. राजसत्तेचें भय : १५४१ चा दाखला

हें भय किती जुनें आहे हें दाखविण्यासाठीं परमुलखांतील एका कायद्याचा दाखला घेणें अवश्य आहे. कारण पुढें हिंदुस्थानच्या शस्त्रकायद्यावर ज्या इंग्रजांची छाप पडली, त्यांच्याच देशांत तो झाला. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत १५४१ सालीं झालेल्या ह्या कायद्यानें वर्षास शंभर पौंडांहून कमी उत्पन्न असलेल्यांस हातबंदूक बाळगण्यास सामान्यतः मनाई केली. पण त्यांतच एक सवलत ठेविली : शहर किंवा बाजारपेठ ह्यांपासून दोन फर्लांगांहून दूर ज्याचें घर आहे, त्यानें केवळ घराच्या रक्षणाकरितां बंदूक ठेवावयास हरकत नाहीं. मात्र कुंद्यासह तिची लांबी एक यार्डाहून, म्हणजे ३६ इंचांहून कमी असतां कामा नये. दुसऱ्या एका प्रकारास पाऊण यार्डाची मर्यादा होती.

ह्या कलमांत आमच्या विषयाचें सार आलें आहे. एकाकी घरास शेजाऱ्याची मदत लवकर मिळत नाहीं, म्हणून त्यास बंदुकीची गरज आहे हें राजानें मान्य केलें. परंतु जी बंदूक घरांत सोयीची तीच अंगरख्याखालीं लपविण्यासहि सोयीची, म्हणून लांबीची अट घातली. घरांतील सोय व रस्त्यावरील धोका हे एकाच आंखूड नळीचे दोन गुण आहेत. एक ठेवून दुसरा काढतां येत नाहीं.

५. हात आणि कोठार

लांबी व सिद्धता ह्यांहूनहि कठीण प्रश्न, बंदूक कोणाच्या हातीं असावी हा होय. ह्याचें दारुण उदाहरण पुण्यासच घडलें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यांत झाला. तट, बुरूज, खिळ्यांचा दरवाजा हीं सर्व साधनें जागच्या जागीं होतीं. मारेकरी परचक्राचे नव्हते. पगारी पाहाऱ्याचे गारदी होते, आणि त्यांचे पुढारी सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे नोकरींतलेच होते. थकलेल्या पगाराची ओरड हें निमित्त झालें. वाड्याचें रक्षण ज्यांच्या शस्त्रांवर सोंपविलें त्यांनींच वाडा फोडला, आणि कोणताहि बुरूज त्याच्या आड आला नाहीं. जें शस्त्र घरांत आहे तें घरांतील प्रत्येकाच्या आवांक्यांत आहे, ही गोष्ट पेशव्याच्या वाड्यास जितकी लागू पडते तितकीच दोन खोल्यांच्या बिऱ्हाडासहि लागू पडते. बिऱ्हाडांत गारदी नसतात; पण मूल असतें, रागावलेला भाऊ असतो, खिन्न झालेला मनुष्य असतो.

दारूच्या सांठवणीविषयीं आपल्या पूर्वजांनीं पुरेसा विचार केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावरील दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, दारू तळघरांत माचावर नीट ठेवावी, तेथें विस्तवाचा संपर्क येऊं देऊं नये, आणि कांहीं दिवसांनीं ती बाहेर काढून ऊन देऊन परत मोहर करून ठेवावी, अशा अर्थाची आज्ञा आहे. शस्त्र व दारू ह्यांची सांठवण, पाहणी आणि मोहर हा शस्त्राच्या उपयोगाचाच भाग आहे, हें त्यांतील तत्त्व आजहि जुनें झालेलें नाहीं.

६. १८६० : एकाच वर्षाचे दोन कायदे

इंग्रजी अंमलांत ह्या प्रश्नास निराळें वळण लागलें. १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरण सुरू झालें व १८६० सालीं एकतिसावा कायदा म्हणून शस्त्रांचा कायदा झाला. त्याच १८६० सालीं पंचेचाळिसावा कायदा म्हणून भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. दंडसंहितेच्या ९६ ते १०६ ह्या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला असून, १०३ व्या कलमांत रात्रीं घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध प्रसंगीं प्राण घेण्यापर्यंत तो हक्क जातो असें म्हटलें आहे. मेकॉलेच्या आयोगानें १८३७ चा मसुदा करितांना, येथील लोक अन्याय मुकाट्यानें सोसतात, म्हणून स्वसंरक्षणाच्या हक्कावर निर्बंध वाढविण्यापेक्षां त्यांच्यांत पौरुष जागें करणें इष्ट, अशा आशयाची टीप जोडली होती. एकाच सरकारानें एका हातानें हक्क लिहून दिला आणि दुसऱ्या हातानें साधन परवान्याखालीं आणलें. इतिहासाच्या अभ्यासकास ह्याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

ह्यापुढील काळ दख्खनमधील सावकारांच्या घरांस कठीण गेला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले व ती चळवळ पुणें-नगर भागांत पसरली. १८७८ सालीं लिटनच्या कारकीर्दींत अकरावा कायदा म्हणून अधिक कडक शस्त्रकायदा आला. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके ह्यांच्या टोळीनें धामारी येथें छापा घातला. रयतेच्या व फडक्यांच्या बाजूनें ह्या घटना मोठ्या अर्थाच्या आहेत. पण घराच्या बाजूनें पाहिलें तर असें दिसतें कीं, गांवच्या राखणीची जुनी व्यवस्था ढिली झाली, तिच्या जागीं पोलिसांची व्यवस्था पुरती बसली नाहीं, आणि मधल्या काळांत बंदूकहि परवान्याची झाली. युरोपियनांस सवलत व देशी लोकांस परवाना हा भेद लोकांस विशेष डांचला; १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेंत शस्त्रकायद्याविरुद्ध ठराव आला तो ह्याच कारणानें.

आमच्या विषयाशीं ह्याचा संबंध असा कीं, १८७८ नंतरच्या घराण्यांतील बंदुका निराळ्या दृष्टीनें पाहिल्या पाहिजेत. पुष्कळ ठिकाणीं आंखूड, कामाचें शस्त्र सरकारजमा झालें किंवा लपविलें गेलें. आणि लांब, शोभेचें, निरुपद्रवी दिसणारें शस्त्र भिंतीवर राहिलें असणें संभवतें. दिवाणखान्यांत आज जें दिसतें तें पूर्वीं घराचें रक्षण कशानें होई ह्याचें चित्र असेलच असें नाहीं. राजसत्तेच्या गाळणींतून खालीं उतरलेला तो अवशेषहि असूं शकेल.

७. सदनिकेंतील गृहस्थ

आतां आजच्या स्थितीकडे येऊं. १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ पासून अमलांत आहे, व १५४१ च्या कायद्यांतील लांबीची जुनी शंका त्यांतहि उघड दिसते. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणें वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक रक्षणाकरितां किंवा शिकारीकरितां हवी असल्यास, अन्य हरकत नसतां, नागरिकास परवाना द्यावा असें आहे. इतर शस्त्रांच्या बाबतींत, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवें असल्यास, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची सबळ कारणाविषयीं खात्री झाली पाहिजे. वीस इंची नळीस कुंदा जोडला म्हणजे एकंदर लांबी तीन फुटांच्या किंचित् पुढें जाते; हेन्रीच्या यार्डाशीं ती फारशी विसंगत नाहीं. सहाव्या कलमानें नळी कापून आंखूड करण्यासहि परवान्यावांचून बंदी आहे. चारशें वर्षांनंतरहि तेंच भय व तेंच माप!

मग सदनिकेंतील गृहस्थानें काय निवडावें? रिव्हॉल्व्हर अरुंद बोळांत वळतें व एका हातानें दार उघडतां येतें. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं ‘निर्भीक’ नांवाचें सुमारें अर्धा किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर काढलें, तें ह्याच सोयीकडे पाहून. परंतु आंखूड नळीचा नेम सरावावांचून साधत नाहीं. लांब बंदूक खांद्याला टेकते, नेम स्थिर राहतो. पण दोन खोल्यांच्या घरांत तीच जुनी जिन्याची अडचण पुन्हा उभी राहते. बारा बोअरच्या बंदुकीचें नांवच तिच्या जाडीवरून पडलें आहे : नळींत नेमकी बसणारी शिशाची गोळी एका पौंडास बारा चढते. तिच्यांत छर्रे भरले तरी शेरबच्चाविषयीं सांगितलेंच येथें लागू आहे. खोलीच्या अंतरांत ते फांकत नाहींत, आणि चुकले तर पातळ भिंतींतून पलीकडे जाण्याची धास्ती असतेच.

वाडा व सदनिका ह्यांत खरा भेद येथें आहे. वाड्याची भिंत हातभर जाड, आणि तिच्या आंत एकच कुटुंब. सदनिकेची मधली भिंत अर्ध्या विटेची किंवा पोकळ ठोकळ्यांची, आणि तिच्या पलीकडे दुसऱ्याचें निजलेलें मूल. १५४१ च्या कायद्यानें वस्तीपासून दूरच्या घरास सवलत दिली आणि गर्दीच्या वस्तीस ती दिली नाहीं, ह्यांतील शहाणपण सदनिकेस पूर्णपणें लागू पडतें. वस्ती दाट तेथें हांक मारणें हें बाराहून अधिक त्वरित साधन असतें.

म्हणून आमच्या मतें सदनिकेंतील क्रमहि वाड्याचाच असावा. आधीं मजबूत दार, अडसराच्या जागीं पक्की कडी व कुलूप, दिंडीच्या जागीं बाहेरचा मनुष्य पाहण्याचें भिंग व साखळी, देवडीच्या जागीं इमारतीचा राखणदार, पंचक्रोशीच्या जागीं शेजारी व पोलीस. एवढें केल्यावर जर कोणास खरोखर धोका असेल, तर त्यानें परवान्याची वाट धरावी. २०१६ च्या नियमांप्रमाणें शस्त्र हाताळण्याचें शिक्षण घ्यावें लागतें व सुरक्षित सांठवणीची लेखी हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस सामान्यतः तीनऐवजीं दोनच शस्त्रें ठेवतां येतात, व परवान्याची मुदत तीनऐवजीं पांच वर्षांची झाली आहे. शस्त्र विकत घेण्यापूर्वीं तें ठेवावयाची लोखंडी पेटी विकत घ्यावी. जेथें पेटीस जागा नाहीं तेथें शस्त्रासहि जागा नाहीं. स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आला आहे. जुन्या १०३ व्या कलमाच्या जागीं आतां ४१ वें कलम आहे. तो हक्क पूर्वींप्रमाणेंच आवश्यकतेपुरता आहे, हें विसरतां कामा नये.

८. संग्राहकांस विनंती

शेवटीं संग्राहकांच्या उपयोगाकरितां कांहीं गोष्टी नमूद करितों. पहिली, जुनी ठासणीची बंदूक हातीं आली कीं ती रिकामी आहे असें गृहीत धरूं नये. तोंडाशीं व कानाशीं उभें न राहतां लांकडी काठी नळींत हलक्या हातानें घालावी, तोंडापाशीं खूण करावी, आणि ती लांबी बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशीं ताडून पाहावी. काठी आंत तेवढी जात नसेल तर बार आंतच आहे असें समजून जाणकार इसमाच्या स्वाधीन ती करावी. कोरडी राहिलेली काळी दारू पिढ्यान् पिढ्या निर्जीव होत नाहीं.

दुसरी, नळीची लांबी, कळीचा प्रकार, आणि नळी मूळची आंखूड कीं मागाहून कापलेली, ह्यांची नोंद अवश्य करावी. तोंडाची मूळची जाड कड, तेथील नक्षी व नेमाचा मणी नाहींसा झाला असेल आणि गज बसविण्याची खोबण तुटक असेल, तर नळी कापलेली आहे असा तर्क करावा. अशी कापलेली बंदूक पुष्कळांस बिघडलेली वस्तु वाटते व ते तिची उपेक्षा करितात. आमच्या दृष्टीनें ती अधिक मोलाची आहे, कारण रणांगणावरचें शस्त्र कोणीं तरी घरांत आणलें ह्याचा तो पुरावा असूं शकतो.

तिसरी, कायद्याची. १९५९ च्या कायद्याचें ४५ वें कलम जुन्या किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या शस्त्रांस सूट देतें, पण दुरुस्तीनें किंवा दुरुस्तीवांचून जें शस्त्र बंदूक म्हणून चालूं शकत नाहीं त्यासच. चालूं शकणारी आजोबांची बंदूक केवळ जुनी आहे म्हणून परवान्यांतून सुटत नाहीं. भीतीनें ती विहिरींत टाकणारे व मोडींत देणारे आम्हीं पाहिले आहेत. तसें न करितां विधिपूर्वक नोंद करावी, किंवा संग्रहालयाकडे सुपूर्द करावी.

आणि चवथी, यादीची. ज्यांच्या दप्तरांत शस्त्रांच्या याद्या आहेत, त्यांनीं त्या शब्दशः उतरून प्रसिद्ध कराव्या. ‘बंदूक’ ह्या शब्दापुढें ‘तोड्याची’, ‘चकमकी’, ‘आंखूड’, ‘शेरबच्चा’, ‘देवडीची’ असा एखादाहि शब्द असल्यास तो गाळूं नये. बंदूक कोणत्या दालनांत ठेविली होती, दारू कोठें होती, किल्ली कोणाजवळ होती, एवढें एका यादींत जरी सांपडलें तरी मराठी घराच्या राखणीचा जो इतिहास आज तर्कानें लिहावा लागतो तो पुराव्यानें लिहितां येईल.